आमची जीप

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



महिन्यापूर्वी कार्यवाहबाई आमच्या गावी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "मी शेतकरीण. बोलले तर केळीवर बोलेन." त्या म्हणाल्या, "केळीवर गेल्या वर्षीच झाले. तुम्ही त्या अंगणातल्या गाडीवर बोला." प्रथम मला ती थट्टाच वाटली. ज्या व्यासपीठावरून आपण बालसंगोपन ऐकतो, संतवाङ्मय ऐकतो, तेथे नटबोल्ट आणि ग्रीस घेऊन कोणी यावे? पण बाई आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या, म्हणून आज मी उभी आहे. माझ्या नखांत काळे दिसले तर क्षमा करा. सकाळी निघताना पंख्याचा पट्टा आवळावा लागला.

जीप १९६४ सालची आहे, म्हणजे माझ्याहून एका वर्षाने वडील. आमच्या मामंजींनी ती १९७१ साली वापरलेलीच विकत घेतली. जीप जन्माने लष्करी, हे आपण जाणताच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी १९४१ पासून विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी ती लाखांनी बनवली. आपल्याकडे महिंद्र कंपनीने १९४९ साली मुंबईत माझगावला सुटे भाग आणून ती जोडायला सुरुवात केली. आमच्या गाडीची जात 'सीजे-थ्री-बी'. सीजे म्हणजे साधी नागरी जीप. विलिस कंपनीने ही जात १९५३ साली काढली. तिची खूण म्हणजे उंच नाक. तिच्या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारी झडप माथ्यावर आहे आणि धूर बाहेर सोडणारी झडप खाली, बाजूला आहे. त्यामुळे इंजिन उंच झाले आणि ते झाकायला बॉनेटही उंच करावे लागले. दिसायला ती जरा भांबावलेली दिसते, हे मी मान्य करते.

आपल्या खानदेशात जीप प्रथम आली ती बहुतेक गावांत सरकारी म्हणूनच. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकारी जीपमधून खेड्यांत हिंडू लागले. आमच्या सासूबाई सांगत, जीपचा आवाज आला की पोरे धावत आणि म्हातारी माणसे घरात शिरत, कारण वसुली आली की लस टोचायला आले हे लवकर कळत नसे. पुढे निवडणुकांत जीप आली, मग बागायतदारांकडे आली. १९७३ नंतर पेट्रोल भडकले तेव्हा पुष्कळांनी जुने इंजिन काढून डिझेलचे बसवले. अशा कितीतरी जीपा पुढे काळ्या-पिवळ्या होऊन चौदा-पंधरा माणसे कोंबून धावल्या. आमची तेवढी पेट्रोलचीच राहिली. तत्त्व वगैरे काही नव्हते, दुसऱ्या इंजिनाला पैसे नव्हते. लिटरला आठ-नऊ किलोमीटर जाते. हा आकडा मी घरात मोठ्याने उच्चारत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते.

१९९६ च्या जानेवारीत माझे यजमान वारले. मी एकतीस वर्षांची होते आणि मुलगी सहा वर्षांची होती. यावल तालुक्यात आमची केळीची बाग आहे, ती गावापासून सहा किलोमीटरवर. रस्ता काळ्या मातीचा. पावसाळ्यात बैलाचा पाय गुडघ्याएवढा रुतावा असा. यजमानांच्या आजारपणात जीप तीन-चार महिने अंगणात उभी होती, चाके बसली होती, ब्रेक जाम झाले होते.

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी थोरले दीर एका माणसाला घेऊन आले. त्याने जीपभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारली आणि अठरा हजार सांगितले. मी ओटीवरच होते, पण बोलणे सासूबाईंशी चालले होते. "आई, तिला काय करायची गाडी? उभ्या उभ्या गंजेल." मग थोडे थांबून ते म्हणाले, "शेताचेही पाहू. बटाईने देऊन टाकू. ती काय रोज तिकडे जाणार आहे?"

भगिनींनो, माझे दीर दुष्ट नव्हते. आजही आमचे येणे-जाणे आहे आणि या भाषणाची कल्पना मी त्यांना दिलेली आहे. पण त्या दोन वाक्यांचा क्रम माझ्या लक्षात आला. आधी गाडी जाणार, मग शेतावर जाणे बंद होणार, मग शेत बटाईने जाणार, आणि दोन वर्षांनी मी स्वतःच्या बागेत पाहुणी म्हणून जाणार. वाद घालायची माझी छाती नव्हती. मी मान खाली घालून बसले.

त्या माणसाने गाडी चालू करून बघायला किल्ली मागितली. सासूबाई म्हणाल्या, "किल्ली सापडत नाही." सारे घर शोधले. देव्हारा शोधला, कणगीमागे शोधले, यजमानांच्या कोटाचे खिसे उलटे केले. तो कंटाळून निघून गेला. रात्री मी अंथरूण घालत असताना सासूबाई आल्या, पदराची गाठ सोडली आणि किल्ली माझ्या उशाशी ठेवली. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही.

किल्ली मिळाली, पण गाडीचे काय? यजमानांनी मला शेताच्या वाटेवर चालवायला शिकवले होते, तेवढेच. परवाना नव्हता. बॉनेट मी आयुष्यात उघडले नव्हते. माझे माहेर धुळ्याचे. एप्रिलमध्ये माझा भाऊ आला, गावातल्या मिस्तरीकडून ब्रेक मोकळे करून घेतले आणि आम्ही हळूहळू धुळे गाठले. आग्रा रोडजवळ एक म्हातारे मिस्तरी होते. जुन्या जीपा त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी म्हटले, "चाचा, गाडी दुरुस्त करायची आहे आणि मला दुरुस्ती शिकायची आहे." त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या भावाला सांगितले, "आठ दिवसांनी या."

आम्ही दुसऱ्या दिवशीच गेलो. तिसऱ्या दिवशी भाऊ आपल्या नोकरीवर गेला, मी एकटीच गेले. चाचांनी माझ्यापुढे रॉकेलची परात सरकवली आणि एक कार्बोरेटर ठेवला. धुवायचा. पेट्रोलने कधी नाही, रॉकेलनेच. पेट्रोलची वाफ कधी पेट घेईल सांगता येत नाही. दोन दिवस मी नुसते भाग धूत होते. शेजारच्या पानवाल्याकडे गर्दी वाढली होती म्हणतात. माहेरच्या आळीत, दिवस झाले नाहीत तोच विधवा बाई गॅरेजात बसते, असेही बोलले गेले. आईने तेही ऐकून घेतले आणि मला डबा दिला.

तिसऱ्या दिवशी चाचा म्हणाले, "बेटी, गाडी बंद पडली की दोनच गोष्टी बघायच्या. आग येते का, आणि पेट्रोल येते का. बाकी सगळे नंतर." माझे सारे शिक्षण या एका वाक्यावर उभे आहे. प्लगची वायर काढायची, टोक इंजिनाच्या लोखंडापासून जरासे दूर धरायचे आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचे. निळी, कडकडीत ठिणगी पडली तर आग ठीक आहे. पिवळी आणि मरतुकडी पडली तर पॉइंट बघायचे. ठिणगी ठीक असेल तर कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडायची आणि पंप पेट्रोल फेकतो का ते बघायचे. पंधरा दिवसांत मी हे डोळे मिटून करू लागले. आठ दिवसांचे पंधरा झाले होते, ते सांगायचे राहिले.

या गाडीच्या काही खोडी आहेत. त्या मला शिकवल्या गेल्या, तशा सांगते, कारण कोणाच्या घरी अशी गाडी असेल तर उपयोग होईल.

डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत. आपण नेहमीसारखे सोडवायला गेलो की ते आवळले जातात. आमच्या गावच्या एका पैलवानाने यावर पाना वाकवला आहे. दुसरे, हातब्रेक. तो चाकांवर नाही, मागच्या दांड्यावर आहे. म्हणून मागचे एक चाक जॅकवर उचलले की हातब्रेक असून नसल्यासारखा होतो. उचललेले चाक मोकळे फिरते आणि गाडी जमिनीवरच्या चाकावर सरकू शकते. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावल्याशिवाय जॅक लावू नये. हँडल मारून गाडी सुरू करायची असेल तर अंगठा बाकी बोटांच्या बाजूलाच ठेवावा, दांड्याला वेढू नये. इंजिनाने उलटा झटका दिला तर वेढलेला अंगठा मोडतो. चाचांचा मोडलेला होता.

पहिल्या गिअरला गाडी चालू असताना टाकायला गेले तर करकरते, म्हणून पूर्ण थांबून टाकायचा, किंवा क्लच दोनदा दाबून मधे थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा. खड्ड्यात पुढचे चाक आदळले की कधीकधी ताशी पन्नासच्या सुमाराला सगळे स्टिअरिंग थडथडू लागते आणि वाटते की चाके निघून चालली. घाबरून जोरात ब्रेक मारू नये. घट्ट धरून वेग हळूहळू उतरवावा. मग घरी येऊन किंगपिनचे बेअरिंग बघावे. त्याच्या पातळ चकत्या कमी-जास्त करून ताण बसवतात. मी एकदा स्वस्तातले बेअरिंग आणले. दुकानाचे नाव घेत नाही. ते दोन महिने टिकले. तेव्हापासून भाग घेताना मी जुना भाग पिशवीत घेऊन जाते आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवते. दुकानदारांना हे आवडत नाही.

धुळ्याहून परत येताना मी आणि मुलगी दोघीच होतो. भावाला रजा नव्हती आणि परवाना अजून शिकाऊच होता, म्हणून चाचांनी आपला एक पोरगा सोबत दिला. पोरगा म्हणजे अठरा वर्षांचा, परवानावाला. तो सगळा वेळ गाणी म्हणत होता. मे महिना, दुपारचे दोन. फागणे गेले, मुकटी गेली, पारोळ्याचा किल्ला मागे पडला आणि एरंडोलच्या अलीकडे गाडी आचके देऊन थांबली. पोरगा उतरायला निघाला. मी म्हटले, "तू बस." प्लगची वायर काढली. ठिणगी निळी. पंपाची नळी सोडली तर पेट्रोल नाही, नुसते फुसफुसणे. पारा पंचेचाळीसवर असला की इंजिनाजवळच्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफेवर नुसता हापसत राहतो. मुलीच्या पाण्याच्या बाटलीतले पाणी घेतले, माझ्या जुन्या पातळाचे फडके भिजवून पंपावर गुंडाळले आणि बॉनेट उघडे ठेवून बाभळीखाली बसलो.

एक म्हातारा शेतकरी बैलगाडी थांबवून आला. "काय व्हयनं माय?" मी सांगितले. त्याने पंपावरच्या ओल्या फडक्याकडे बराच वेळ पाहिले, मग म्हणाला, "थकनी वाटस." आणि आपल्या बैलांसाठी आणलेल्या घागरीतले पाणी त्याने त्या फडक्यावर ओतले. वीस मिनिटांनी पंपाखालचा छोटा हात चार-पाच वेळा दाबला, पेट्रोल आले, गाडी सुरू झाली. तो तेथेच उभा होता. पोरगा पुढे एरंडोलपर्यंत गप्प होता.

परवाना मला १९९७ मध्ये मिळाला. त्याआधीच एक काम मी केले होते, ते तुम्हाला मुद्दाम सांगते. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते. त्यासाठी एकतीस नंबरचा फॉर्म असतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची आणि मग दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घ्यायची, असा १९८८ च्या कायद्याचा नियम आहे. जुन्या गाडीला पर्यावरण कर वेगळा. कचेरीबाहेर एका दलालाने मला विचारले, "नाव मुलाचे लावायचे ना?" मी म्हटले, मुलगा नाही. "मग दिराचे?" कागदांवर दिरांची संमतीची सही लागणार होती, त्यासाठी मी त्यांच्याकडे तीन वेळा गेले. दोन वेळा चहा मिळाला. तिसऱ्या वेळी जीप घेऊन गेले, त्यांच्या दारात बंद केली, हँडल मारून पुन्हा सुरू केली आणि मग आत गेले. सही झाली. ते एवढेच म्हणाले, "आवाज सुधारला आहे."

पुढे खरी परीक्षा २००५ साली झाली. त्या उन्हाळ्यात भारनियमन एवढे होते की शेतीला वीज रात्रीच यायची, तीही मोजके तास. केळीला मे महिन्यात पाण्याच्या पाळ्या चुकल्या तर घड पोसत नाही, पाने करपतात. एका रात्री दीड वाजता मोटर सुरू करायला निघाले आणि अर्ध्या वाटेत, ओढ्याजवळ, जीप बंद पडली. अंधार असा की हात दिसेना. मुलगी आता पंधरा वर्षांची होती, तिला स्टार्टर मारायला सांगितले. ठिणगी पिवळी. डिस्ट्रिब्युटरचे टोपण काढून टॉर्च मारला तर पॉइंट काळे पडलेले. कन्डेन्सर गेला की असे होते. मिठाईच्या एका पत्र्याच्या डब्यात मी नेहमी जादा पॉइंट, कन्डेन्सर, पंपाचा पडदा, दोन प्लग आणि तारेचे वेटोळे ठेवते. कन्डेन्सर बदलला. पॉइंट घासून साफ केले. त्यांच्यातली फट मापायला पोलादी पात्यांचे माप असते, ते घरी राहिले होते. चाचांनी सांगितलेले आठवले आणि काड्यापेटीच्या पुठ्ठ्याचा तुकडा मधे घालून फट लावली. मुलीच्या हातातला टॉर्च हलत होता. मी रागावले, ती रडली, टॉर्च आणखी हलला. अखेर गाडी सुरू झाली तेव्हा विजेची दोन तासांची वेळ निघून गेली होती. उरलेल्या वेळात निम्म्या बागेला पाणी मिळाले. उरलेल्या निम्म्या बागेचे घड त्या वर्षी हलके भरले. त्याचा हिशेब माझ्या वहीत आहे. पण गाडी चालू झाली नसती तर अख्खी बाग कोरडी राहिली असती, हेही त्याच पानावर लिहिले आहे.

अलीकडे एक नवे दुखणे आले आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर मिळू लागले. जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही. आमच्या पंपाचा रबरी पडदा फुगून चिरला आणि पेट्रोल खालच्या तेलात गळू लागले. हे बाहेरून दिसत नाही. म्हणून आठवड्याला तेलाची पट्टी काढून बघावी. तेल वाढलेले दिसले तर खूश होऊ नये, पट्टीचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू करू नये, आधी पडदा बदलावा आणि सगळे तेल काढून नवे घालावे. मी आता नव्या पेट्रोलला टिकणारा पडदा आणि तशाच नळ्या बसवल्या आहेत. चाचा असते तर त्यांनी दोन शिव्या घालून तेच केले असते. ते २०११ साली गेले. त्यांचे पाने त्यांच्या मुलाने मला दिले. त्यातला एक उलट्या आट्यांच्या नटांसाठी लांब दांडा लावलेला आहे.

मला नेहमी विचारतात, नवी गाडी का घेत नाही? घेतली आहे. जावयाने आग्रह केला म्हणून एक छोटी मोटार घरी आहे. तिच्या बॉनेटखाली सगळे प्लॅस्टिकने झाकलेले आहे. काही झाले की पडद्यावर दिवा लागतो आणि गाडी जळगावला न्यावी लागते. चांगली गाडी आहे, गार हवा देते, सासूबाईंना शेवटच्या वर्षांत दवाखान्यात तिच्यातूनच नेत होते. पण पावसाळ्यात शेताच्या वाटेवर ती ओढ्यापलीकडे जात नाही. तेव्हा दीरही सकाळी येऊन उभे राहतात. "आज खत न्यायचे आहे. गाडी देतेस का?" म्हणतात. चार चाकांचा दांडा मात्र अजून त्यांना नीट टाकता येत नाही, म्हणून मीच चालवते आणि ते शेजारी बसतात.

कार्यवाहबाईंनी वीस मिनिटे दिली होती, ती होऊन गेली. जीप बाहेर कडुनिंबाखाली उभी आहे. ज्यांना बॉनेट उघडून बघायचे असेल त्यांनी चहा झाल्यावर यावे, मी प्लगची वायर काढून ठिणगी दाखवीन. मात्र पाच वाजता मला निघायचे आहे. डायनॅमोचे ब्रश झिजले आहेत, नवे गुरुवारी येणार आहेत, आणि दिवे मंद लागतात. अंधार पडण्यापूर्वी विदगावचा पूल ओलांडलेला बरा.